मी बरा झालो असं सांगत होतो

“रिकरन्स आहे,” डॉक्टर म्हणाले.

रिकरन्स म्हणजे आजार परत येणं. लिव्हरमधली गाठ काढून मला अकरा महिने झाले होते. आता सीटी स्कॅनमध्ये तीन नव्या गाठी दिसत होत्या, लिव्हरच्या दोन्ही बाजूंना.

“मग परत ऑपरेशन करायचं का?” माझी बायको सुनंदा म्हणाली.

“आता ते शक्य नाही. एवढं कापलं तर उरलेलं लिव्हर पुरणार नाही.”

पुढचं मला ऐकूच आलं नाही. परळहून नायगावच्या घरापर्यंत आम्ही चालत आलो. सुनंदाने कुकर लावला. शिट्ट्या होत राहिल्या आणि आम्ही दोघं नुसती बसून राहिलो.

इथे एक कबुली देतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी माझ्या जागी असेल. ऑपरेशननंतर दर तीन महिन्यांनी स्कॅन आणि एएफपी करायला सांगितलं होतं. एएफपी ही रक्ताची तपासणी. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये तो आकडा बऱ्याचदा वाढतो. पहिल्या दोन वेळा सगळं स्वच्छ आलं. तिसऱ्या वेळी मी गेलोच नाही. गिरगावात माझं लग्नपत्रिका छापायचं काम, त्यात सीझन. भूक लागत होती, वजन वाढलं होतं. मला आता काय झालंय, म्हणत दोन महिने काढले.

“वेळेवर आलो असतो तर?” पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारलं.

“गाठी कदाचित लहान असताना दिसल्या असत्या. खात्रीने नाही सांगता येणार.”

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या अकरा महिन्यांत मी आणखी एक उद्योग केला होता. वेटिंग रूममध्ये कुणी घाबरलेलं दिसलं की शर्ट वर करून व्रण दाखवायचो. “बघा, मी बरा झालो. तुम्हीही व्हाल.” वर माझा नंबर द्यायचो. कॉटन ग्रीनच्या मंगललाही दिला होता. तिच्या नवऱ्याच्या, दत्तारामच्या लिव्हरमध्ये एकच गाठ होती, पण तो ऑपरेशनला तयार होत नव्हता. नेमके आता तिचे रोज फोन येऊ लागले. मी उचलत नव्हतो.

माझी ‘टेस’ झाली. यात जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी लिव्हरपर्यंत नेतात, गाठीत औषध सोडतात आणि तिचा रक्तपुरवठा तोडतात. नंतर ताप आला, उलट्या झाल्या, बरगडीखाली आग पडली. असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी घरी आल्यावर मी सुनंदावर ओरडलो, “कशाला करतेस हे सगळं? मरू दे मला!” ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली. नळाच्या आवाजातूनही मला ऐकू येत होतं.

बाहेर आली तेव्हा माझा फोन वाजत होता. तिनेच तो उचलला.

“मंगल, यांचं परत आलंय गं,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं घरी आली. मला तोंड लपवावंसं वाटलं. दत्ताराम खुर्चीच्या कडेवर बसला आणि त्याने सरळ विचारलं, “परत येणार हे ठाऊक असतं, तर तुम्ही कापून घेतलं असतंत?”

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

“घेतलं असतं,” मी म्हणालो. “ते महिने चांगले गेले. पण बरा झालो असं लोकांना सांगत फिरलो नसतो. आणि तपासणी चुकवली नसती.”

चहा घेऊन दोघं गेली. आठवड्याने मंगलचा फोन आला, ऑपरेशनची तारीख मिळाली म्हणून.

मधल्या काळात माझा स्कॅन झाला. दोन गाठी मेल्या होत्या, तिसरी जिवंत होती. आता गोळ्या सुरू आहेत. तळपायांची कातडी सोलवटते, अन्नाला चव नाही. “आजार जाईल असं मी म्हणणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “जितका थोपवता येईल तितका थोपवू.” त्यांनी खरं सांगितलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्या वेळी मात्र मला ते नको होतं.

दत्तारामच्या ऑपरेशनला मी आणि सुनंदा मंगलसोबत बाहेर बसलो. कुणाला काही समजावलं नाही, व्रणही दाखवला नाही. दुपार उलटल्यावर सर्जन बाहेर आले. “गाठ पूर्ण निघाली,” म्हणाले.

मंगल माझ्याकडे वळली. किती आनंद मानायचा, हे जणू मला विचारत होती.

“आज खूश हो,” मी म्हणालो. “तीन महिन्यांनी स्कॅन असेल. आठवणीसाठी मी फोन करेन.”

“नक्की कराल ना, दादा?”

मी मनातल्या मनात तीन महिने मोजले. सुनंदा शेजारीच बसली होती. माझ्याकडे न बघता तिने पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला आणि म्हणाली, “नंबर सांग गं तुझा. माझ्याकडेही असू दे.”