तुळशीच्या अंगाची भिंत

बैधर मल्लिकच्या गावात दर दोन घरांआड एक प्लंबर, आणि तरी गावातला एक नळ धड बंद होईल तर शपथ. होणार कसा? सगळे प्लंबर दिल्लीत, सुरतेत, नाहीतर दोह्यात. बैधरनेही उभा जन्म दुसऱ्यांच्या भिंतींना भोकं पाडण्यात घालवला. कुठल्या हॉटेलात गरम पाण्याचा पाइप, कुठल्या बंगल्यात स्वयंपाकघराचं धुराडं. शेवटी उजवा खांदा वर जाईनासा झाला, तेव्हा मालकाने घरी पाठवला. आला तो नुसता दमून आला. गावाने मात्र, बाबा कसा आहेस, म्हणून विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, आमची मोरी तुंबलीय, कधी येतोस?

त्याला एकच काम करायचं होतं, आणि ते स्वतःच्या घरच्या धुराड्याचं. त्याच्या बायकोला, सुकांतीला, दमा होता. गॅस होता, पण तो चहापुरता. भात आणि मासे चुलीवरच. केंद्रापाड्याच्या डॉक्टरने सरळ सांगितलं होतं, हिला अशीच धुरात बसवलीत तर पुढचा हिवाळा निघायचा नाही. म्हणून तर नवं घर बांधायला काढलं. मागल्या सुट्टीत पाया भरला, तेव्हा त्याने धाकट्या भावाला, त्रिलोचनला, हाताला धरून जागा दाखवली होती. "हे बघ, भिंत चुलीच्या वर इतकी आली की केळीच्या खांबाचा तुकडा घालून विटा लावायला सांग. सुकला की ओढून काढायचा, भोक तयार. पुढे फोडाफोडी नको."

परत येऊन बघतो तर भिंत सपाट. वर गिलावा, त्यावर चुना.

"काय रे, माझी केळ हत्तीने खाल्ली?"

त्रिलोचन नखाने चुना खरवडत राहिला. "गवंडी विसरला असेल, भाइना."

"आणि तू काय तिथे पत्ते पिसत होतास?"

दुसरी भिंत तरी कुठे होती? एक त्रिलोचनच्या घराला टेकलेली, एक देवघराची, एकीत दार. छताला भोक पाडावं तर पहिल्याच वादळात घरात तळं. उरली ती हीच, मागची, जिच्यापलीकडे अंगणात तुळस होती. ती फोडायला बैधरचा खांदा तयार नव्हता, आणि त्रिलोचनची कंबर नेमकी त्याच आठवड्यात धरली. गावात तिसरा धडधाकट हात नाही.

मग त्याने नको ते केलं. दारावरच्या झरोक्यातून पाइप काढला, ओसरीवरून वळवला, तीन एल्बो टाकून कसाबसा बाहेर नेला. दुसऱ्या कुणी असलं काम केलं असतं तर त्याने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. धुराचं म्हाताऱ्या माणसासारखं असतं, वळणं झेपत नाहीत.

चूल पेटली. थोडा वेळ धूर गेला, मग माघारी फिरून घरात भरला. सुकांती तोंडात पदर कोंबून बाहेर आली आणि ओसरीवर बसली. छातीतून शीळ वाजत होती. बैधर डाव्या हाताने तिची पाठ चोळत राहिला. त्याला रडू येत होतं, आणि रडण्याचाही कंटाळा आला होता.

तिला जरा बरं वाटल्यावर तो उठून भावाच्या दारात गेला. "तुझ्या त्या विसरभोळ्या गवंड्यापायी ही मरणार आहे."

त्रिलोचनने मान खाली घातली. "गवंडी विसरला नव्हता, भाइना. भाउजेनेच केळ काढून भोक बुजवायला लावलं. भाइनाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणाली."

बैधर परत आला. सुकांती होती तिथेच होती.

"का केलंस असं?"

"भोकासमोर तुळस येते." ती थांबत थांबत बोलली. "माशांचा धूर तिच्या तोंडावर सोडू? तुम्ही तिकडे उंच उंच मजल्यांवर लटकत होता, आणि मी इथे रोज तिच्यापुढे दिवा लावून एकच मागत होते, माणूस जिवंत परत येऊ दे. तिने आणलं तुम्हाला. इतकी का मी बेइमान?"

वाद घालायचं त्राण बैधरच्या अंगात नव्हतं. तो तिच्या शेजारी टेकला.

"आणलं तिने, कबूल. पण कशाला आणलं? रिकाम्या घरात भिंती बघत बसायला? तू गेलीस तर मी कुणाकडे परत आलो, ते तरी सांग."

 सुकांतीने आधी श्वास जुळवला.

"उद्या गुरुवार," ती म्हणाली. "लक्ष्मीचा वार, घरात हातोडा वाजायला नको. त्रिलोचनची कंबर आता सुटेल. परवा फोडा."