गुडघ्याची पांढरी, कमरेची पिवळी

"इंग्लिश मीडियमची आहे, पण तोंड उघडायला वेगळी फी लागते तिला," शेजारच्या मावशी आईला म्हणत होत्या. मी आतल्या खोलीत होते. दार उघडंच होतं.

मी तेव्हा अकरावीत होते. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतल्या बायका औषधांच्या पट्ट्या माझ्याकडून वाचून घेत. बहुतेकींना फक्त तारीख हवी असायची. जेवढं विचारलं, तेवढं मी सांगत असे.

मावशींना दोन गोळ्या चालू होत्या. गुडघ्याची पांढरी डॉक्टरांनी दिलेली. कमरेची पिवळी काकांना कारखान्याच्या दवाखान्यातून मिळायची. काका गोळ्या घेत नसत आणि मावशी काही वाया जाऊ देत नसत. "दुखणी दोन, म्हणून गोळ्या दोन," असा त्यांचा हिशेब. दोन्हींवरची तारीख मी वाचून दिली होती. नावं वेगळी होती, पण खालची बारीक ओळ एकच होती: डायक्लोफेनॅक, दुखणं थांबवणारं औषध. ते मला त्याच दिवशी दिसलं होतं. पांढरीच्या खोक्यातला घडीचा कागदही मी वाचला होता. हे औषध जास्त झालं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मग शौचाला काळं होतं, असं त्यात होतं. पण मावशींनी विचारली होती तारीख.

त्याला तीन आठवडे झाले होते. आज त्या थंड दूध मागायला आल्या होत्या, पोटात आग पडत होती म्हणून. गुडघा मात्र हलका झालाय, जिना एका दमात चढते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग आवाज खाली आला.

"दोन दिवस संडासला काळं होतंय. डांबरासारखं."

"उष्णता असेल," आई म्हणाली. "बाजरी बंद करा थोडे दिवस."

"तेच म्हणते मी. थांबा, कमरेची राहिलीय, दुधाबरोबर घेऊन टाकते."

पट्टीचा कागद फाटल्याचा आवाज आला. मी उठून दारात गेले. दोघींनी वर पाहिलं.

"आल्या बाईसाहेब," मावशी म्हणाल्या. पिवळी गोळी त्यांच्या तळहातावर होती.

"ती घेऊ नका, मावशी. दोन्ही गोळ्या एकच आहेत, नुसती नावं वेगळी. मला आधीच कळलं होतं, मी बोलले नाही. चपला घाला, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ. त्यांना मी सांगते."