एकासन आणि व्हॅन

पलूसजवळच्या त्या गावात गुणमालाबाईंच्या शेजारी पंगतीला कुणी बसत नसे. बाई भांडखोर नव्हत्या. जेवायला फार वेळ लावत. पंगत उठायची, वाढपी जेवून घ्यायचे, मांडववाला दोऱ्या सोडायला लागायचा, आणि बाई भाताचा पहिला घास कालवत असायच्या. "घाईनं खाल्लेलं अन्न अंगी लागत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या अंगाकडं बघितलं तर ते पटायचं.

त्यांचा मुलगा जिनेंद्र शेतात ठिबकच्या नळ्या जोडून द्यायचा. आईचा वेग त्याला जन्मापासून ठाऊक. तरी त्या दिवशी त्यानं तिला गाडीत डबा उघडू दिला. करणार काय? पर्युषणाचे दिवस, आणि आईचं एकासन. म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही एका बैठकीत. बूड हललं की जेवण संपलं. मग पाण्याचा घोटसुद्धा उद्याच. आणि नेमकं त्याच दिवशी धाकट्या ब्राह्मीला खंडाळ्याच्या कंपनीत हजर व्हायचं होतं. ऑफिस बंद व्हायच्या आत पोचली तर नोकरी तिची, नाही तर दुसरी मुलगी तयार आहे, असं त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

"पोरगी ऱ्हाणार ती खोली मी बघणार," म्हणून आई निघाली आणि पुढच्या सीटवर बसली.

व्हॅन जुनी. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की इंजिन, ठेवली की आई.

कराड मागं पडल्यावर आईनं णमोकार मंत्र म्हणून डबा उघडला. चपात्या, कच्च्या केळ्याची भाजी, तूपभात. उंब्रज आलं तेव्हा दुसरी चपाती चालू होती.

"दादा, धूर!" मागनं ब्राह्मी ओरडली.

"धूर न्हाई, वाफ हाय," आई म्हणाली. "खालनं लागतीया मला. इडलीला कसं वाटत आसंल ते आज कळलं."

जिनेंद्रनं गाडी ढकलत, चुचकारत एका गॅरेजपुढं आणली. गॅरेजवाला आकाराम आईच्या पायाशी वाकला आणि लगेच वर आला. "पाण्याचा पाइप फुटलाय. चुटकीसरशी बसवतो. आक्कास्नी उठवा."

"आक्का उठत न्हाईत," जिनेंद्र म्हणाला.

"गुडघं व्हय?"

"न्हाई. एकासन हाय."

"आसंल. आमच्या मामालाबी झालं हुतं. गोळ्या घेऊन ग्येलं."

ब्राह्मी खाली उतरली. तिनं कॉमर्स केलं होतं, पण वेळ पडली तर ती संस्कृतही काढायची. "आई, मुळात शब्द एकाशन आहे. शहामृगाचा श! अशन म्हणजे खाणं. एकदाच खायचं, एवढाच अर्थ. बसण्याचा संबंधच नाही. ऊठ, पाइप बसू दे, मग परत बसून खा."

"तुझ्या आज्जीनं मला स शिकवला," आई शांतपणे म्हणाली. "आसन म्हंजे बसायची जागा. तुझा श तू हापिसात घेऊन जा."

"ऑफिस बंद झाल्यावर कुठं नेऊ? तू मुद्दाम करतीयास आई. मी जाऊ नये म्हणून!"

आईचा घास तोंडापाशी थांबला. जिनेंद्रनं आईचा घास असा अधांतरी थांबलेला आयुष्यात पहिल्यांदा बघितला. मग तो तोंडात गेला आणि आई चावू लागली. सावकाश, नेहमीसारखी, पण रस्त्याकडं बघत.

गॅरेजमध्ये आपली मोटरसायकल न्यायला एक मिशीवाले गृहस्थ आले होते. सयाजी, फौजेतून निवृत्त सुभेदार. हा सगळा मामला त्यांनी कमरेवर हात ठेवून ऐकला आणि पुढं झाले.

"माताजी, आसन म्हंजे सीट. बराबर?"

"बराबर."

"तुमी सीट सोडायची न्हाई. मंजूर. पण सीटनं गाडी सोडली तर?"

आई विचार करत चावत राहिली. विचार आणि घास दोन्ही संपल्यावर म्हणाली, "त्याला काय हरकत न्हाई. म्हाराजांच्या प्रवचनात गाडीचं काय आल्यालं न्हाई."

आकारामनं पाना घेऊन सीटचे बोल्ट काढले. एका कोपऱ्याला सुभेदार, एकाला आकाराम, एकाला जिनेंद्र. चौथा कोपरा मोकळा राहिला. ब्राह्मीनं नव्या कुर्त्याच्या बाह्या सरसावल्या.

"कमरेपत्तूर उचलायचं, वर न्हाई! एक... दो... उठाव!"

डब्यासकट आई व्हॅनच्या दारातून बाहेर आली.

"माझ्याकडं कलतंय!" ब्राह्मी किंचाळली.

"भात सांभाळ गं," वरनं सूचना आली.

हायवेवरच्या एका ट्रॅव्हल्समधल्या बायकांनी खिडकीतून भक्तिभावानं हात जोडले. आईनं उष्ट्या हातानंच आशीर्वाद दिला.

सीट लिंबाखाली टेकली आणि त्याच क्षणी आकाराम "मेलो!" म्हणून वाकला तो वाकलाच. उसण भरली होती. "पाइप बसवीन मी," तो जमिनीकडं बघत म्हणाला, "वाकायचंच काम हाय. पण परत उचलाय मला बोलवू नगा."

"मी माणसं घेऊन येतो," म्हणत सुभेदारांनी मोटरसायकलला किक मारली.

पाइप बसला. इंजिनानं दमेकऱ्यासारखा खोकून होकार दिला. सुभेदारांचा पत्ता नाही. भावाबहिणीनं सीट उचलून बघितली. आई वीतभर वर गेली आणि खाली आली. ब्राह्मी आता भांडतही नव्हती. आईच्या पायाशी मातीत बसून ती हाताला लागलेलं काळं ग्रीस गवतानं पुसत होती, आणि ते निघत नव्हतं.

आईनं डब्यात बघितलं. भात तसाच होता. तिनं पोरीच्या हातांकडं बघितलं. मग उकळलेल्या पाण्याची बाटली काढली, पोटभर पाणी प्यायली, चूळ भरली, हात धुतला, डोळे मिटून हात जोडले. आणि उभी राहिली.

"आई! भात ऱ्हायलाय!" जिनेंद्र ओरडला.

"ऱ्हाऊ दे. भात उद्याबी शिजतोय. हिचं हापिस उद्या शिजणार न्हाई."

एवढ्यात धुरळा उडवत एक पिकअप आली. मागच्या हौद्यात तालमीतली चार पोरं, लाल मातीसकट. सुभेदारांनी खाली उडी मारून सॅल्यूट ठोकला. "माताजी, पार्टी हाजीर!" मग त्यांना उभी असलेली आई दिसली आणि हात सॅल्यूटमध्येच राहिला. "आवं... जरा दम धरायचा की!"

आई एकदा भाताकडं बघे, एकदा पैलवानांकडं. जिनेंद्रला वाटलं, आता रडते. ती हसायला लागली. पोट गदगदा हलेस्तोवर हसली.

"आलाच हाय तर रिकामी सीट कशाला उचलता?" ती म्हणाली. "हिला बसवा."

"आई, काहीतरीच काय!"

"गप बस! लगीन करून धाडताना पोरीस्नी डोलीत बसवायचे म्हंत्यात. तू नोकरीला चाललीयास. तुला काय चालत पाठवू? बस म्हंते न्हवं!"

ब्राह्मी बसली. पैलवानांना आईच्या वजनाची बातमी देऊन आणलं होतं, त्या हिशेबानं त्यांनी जोर लावला, आणि ब्राह्मीचं डोकं लिंबाच्या फांदीला लागलं. "खाली! खाली!" सुभेदार ओरडत होते. वाकलेला आकाराम पुढं चालून वाट दाखवत होता, आणि आई शेजारनं पदर सावरत चालत होती, डबा पोटाशी धरून.

बोल्ट आवळले. ब्राह्मी आईला जागा द्यायला उठू लागली.

"बस," आई मागं चढत म्हणाली. "उठलीस तर जेवण संपंल."

खंडाळ्याच्या त्या ऑफिसात पोचले तेव्हा साहेब टेबल आवरत होते. हजेरीच्या यंत्राला ब्राह्मीचं बोट काही केल्या पटेना. ग्रीसच्या खाली रेषा होत्या की नाही, याचीच त्याला शंका.

"मॅडम, पहिल्याच दिवशी हात असे कशानं झाले?" साहेबांनी विचारलं.

मागं ट्रंक धरून उभ्या असलेल्या जिनेंद्रनं मान खाली घातली.

"आईला उचलून ठेवायला लागलं, सर," ब्राह्मी म्हणाली. "ती जेवत होती."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, जिनेंद्रकडं बघितलं, काचेबाहेर व्हॅनच्या खिडकीतून डोकावणाऱ्या बाईंकडं बघितलं, आणि साबणाची वडी पुढं केली.