कणकेच्या डब्यातला कागद

सकाळी साडेआठला रियाधच्या त्या फ्लॅटमध्ये तवा तापत होता. बैठकीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तशी अनुराधा पीठभरल्या हातांनीच धावली.

"अहो, पाणी हवंय ना? बसा, मी देते."

"अनू, आता शिंकायच्या आधीही तुला विचारू का?" चंद्रशेखर म्हणाला.

बँकेत दहा दहा तास बसणारा माणूस. महिन्यापूर्वी हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट बसवला. तेव्हापासून तिनं त्याला साधा पेलाही उचलू दिला नव्हता.

तेवढ्यात दारावर थाप पडली. यावेळी कोण?

दारात काळ्या पायघोळ अबायातली एक बाई उभी होती. "वहिनी, मी सरोज. हॉस्पिटलमधली सिस्टर, मूळची सांगलीची. साहेब दोन शनिवार व्यायामाला आले नाहीत. खाली आमचा ड्रायव्हर कादिर गाडी घेऊन थांबलाय, म्हटलं स्वतःच विचारावं."

चंद्रशेखर चक्रावला. "पण डॉक्टरांनीच बंद केलाय ना? ही म्हणाली, तसा फोन आला होता."

अनुराधानं मान खाली घातली. मग मुकाट्यानं कणकेच्या डब्यातून घडी घातलेला कागद काढला आणि झटकला. व्यायामाचं वेळापत्रक.

"फोन नव्हता आला," ती म्हणाली.

पहिल्या शनिवारी हॉस्पिटलच्या व्यायामाच्या खोलीत पुरुषांची वेळ होती. तिला पलीकडे बायकांच्या खोलीत बसवलं होतं. भिंतीआडून ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पडणारी पावलं ऐकू येत होती, धप धप. मग एकदम थांबली. बारा मिनिटं पर्स छातीशी धरून ती बसली होती. विचारायला कुणी नव्हतं. तो खांद्यावर टॉवेल टाकून हसत बाहेर आला, पण ती शांतता तिच्या कानातून गेलीच नाही.

"माझ्या बाबांना झटका आला, तेव्हा आम्ही त्यांना सहा महिने अंथरुणातून उठू दिलं नव्हतं," ती सरोजला म्हणाली.

"नंतर उठले?"

अनुराधानं नकारार्थी मान हलवली.

सरोजनं कागद हातात घेतला. खाली आहार लिहिला होता, उकडलेली कोंबडी आणि भाजलेला मासा. "तुम्ही शाकाहारी दिसता," म्हणत तिनं ते खोडलं आणि मराठीत लिहिलं: भाकरी, मुगाची उसळ, ताक बिनमिठाचं, लोणचं बंद.

"लोणचं बंद?" चंद्रशेखरला झटक्यापेक्षा याचंच जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

"उठा साहेब. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वहिनी, तुम्ही मनगट धरून बरोबर चाला."

ती चालू लागली. त्याची नाडी कुठली आणि आपली कुठली, तिला कळेना.

"सप्तपदीतसुद्धा हात इतका घट्ट धरला नव्हतास," तो म्हणाला.

पाचव्या फेरीला त्याच्या कपाळावर घाम आला. "बसवा त्यांना," ती कशीबशी म्हणाली.

"छातीत दुखतंय का, साहेब?"

"नाही. पाय तेवढे भरून आलेत."

"मग चालू द्या, वहिनी. दम न लागता बोलतायत ना? तोंड बंद पडलं तर थांबवू."

"ते बंद पडायचं नाही," अनुराधा म्हणाली. डोळे मात्र भरले होते.

खाली कादिरनं हॉर्न दिला. निघताना सरोजनं विचारलं, "शनिवारी पाठवाल ना?"

अनुराधानं अजून त्याचं मनगट सोडलं नव्हतं.

"पाठवते. मीही येईन. पुरुषांच्या वेळी बायकांना आत घेत नाहीत, ठाऊक आहे मला. तरी मला त्या दाराच्या आत एक खुर्ची द्या, सिस्टर. हे मला दिसतील, अशी."