आधी आलेले सबनीसकाका

मेलबर्नच्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सुरुवातीला या भूमीच्या मूळ रहिवाशांना वंदन करतात. ते सुरू झालं की सबनीसकाका उठून चहा प्यायला जातात. "जमीन त्यांची, तर घरपट्टी मी का भरतो?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुण्यात असताना इंग्रजांनी देश लुटला म्हणून तावातावाने भांडणारा हा गृहस्थ मेलबर्नला उतरला आणि इंग्रजांचा वकील झाला. "इथं होतं काय? नुसतं गवत," असं ते आम्हाला समजावतात, जणू ते गवत ह्यांनीच कापलं.

काका राहतात ग्लेन वेव्हर्ली या महागड्या उपनगरात, नावाजलेल्या शाळेच्या हद्दीत. "आम्ही आलो तेव्हा" म्हटल्याशिवाय त्यांचं तोंड उघडत नाही. ते आले तेव्हा धड तूरडाळ मिळत नव्हती, आणि आम्हाला सगळं आयतं. आम्ही म्हणजे टार्निट या लांबच्या, स्वस्त उपनगरातले नवे आयटीवाले. आमच्यामुळे म्हणे ट्रेन भरल्या, घरं महागली. त्याच टार्निटमध्ये काकांची घरं भाड्याने दिलेली. एकात मीच राहत होतो. महागाईला शिव्या घालत ते दरवर्षी भाडं वाढवत.

गेल्या निवडणुकीत काका 'स्थलांतर थांबवा, आलेल्यांना परत पाठवा'वाल्या पक्षाची पत्रकं वाटायला मतदान केंद्राबाहेर उभे राहिले. पुढच्या वेळी त्यांना तिकीट हवं होतं. पक्षाने पाठवलं टार्निटला, कारण तिथे पत्रकं घेऊन उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. काकांना मात्र तो मान वाटला.

मी मत देऊन बाहेर आलो आणि त्यांच्यापाशी थांबलो. एक म्हातारा गोरा आला. काकांनी ठेवणीतल्या आवाजात "गुड डे, मेट" म्हणून पत्रक पुढे केलं. त्याने ते शांतपणे वाचलं, काकांना नखशिखांत न्याहाळलं.

"यू फर्स्ट, मेट," म्हणाला, आणि पत्रक परत देऊन आत गेला.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. मला खरंच वाईट वाटलं. मनावर घेऊ नका, असं मी म्हणालो. तोवर ते सावरले होते.

"मी कशाला घेऊ? तो तुला म्हणाला."

तिकीट काही मिळालं नाही. मी घरही बदललं, पण मंडळ एकच. टार्निटच्या एका पोराला गोऱ्याने कसं सुनावलं, हा किस्सा काका तिथे अजून रंगवून सांगतात, माझ्यासमोरच. सगळे हसतात. काकू तेवढ्या माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढतात.