कुणीच न पाहिलेला पिक्चर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्याला नाही, लेकीला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा त्या जागेवर आले की मी पुढचंच काहीतरी म्हणायला लागते. तुम्हाला सांगते आहे—तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

पण आधी पिक्चरचं बोलू द्या. माझं तसंच आहे, पिक्चरवरून सुरू होते आणि मग कुठंही जाते.

मागच्या आठवड्यात भुताचा एक पाहिला. बाई विहिरीतून वर येते आणि साडीला एक सुरकुती नाही. अहो, विहिरीतून आलेली साडी अंगाला कशी चिकटते हे कुणा बाईला विचारायचं तरी. त्याआधी एक मारामारीचा. पोरगा गावभर माणसं लोळवतो आणि आई चुलीपुढं भाकरी थापत बसलेली. चुलीत राख नाही, डोळ्यांत पाणी नाही. कसली चूल ती? मग एक नवरा-बायकोचा पाहिला, त्यात दोघं एका घरात राहतात आणि नुसतेच बोलत नाहीत. तो मात्र आवडला. तसं असतं.

मी शाळेत फार गेले नाही. अक्षरं लागली ती पिक्चरच्या पोस्टरवरून आणि पुड्याच्या कागदांवरून. पण पिक्चर सांगावा तर मी, असं चौसाळ्यात कुणीही म्हणायचं. उन्हाळ्यात पापड लाटायचे असले की मला बोलावणं यायचंच. लाटायला नाही—माझा पापड कधी गोल झाला नाही. लाट्या करत बसायचं आणि सांगायचं. ज्या घरी काकू आल्या त्या घरचे पापड दुपारपर्यंत उरकतात, असं बायका म्हणायच्या. मला ते फार गोड वाटायचं. अजून वाटतं, हे लपवून काय करू?

मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले.

गया माझी मैत्रीण, भिंतीला भिंत लागून घर. तिची सुरेखा एका पोरासोबत निघून गेली होती. त्या पोरानं तिला मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरवलं आणि येतो म्हणून जो गेला तो गेलाच. पोरीनं फोन केला तो काकाला, नामदेवभाऊंना. ते गयाचे धाकटे दीर. त्यांनी टेम्पो काढला, गयाला शेजारी बसवलं आणि पोरीला घेऊन आले. पोरगी मावशीकडं गेली होती, असं गावात सांगायचं ठरलं. आता मावशीकडून आलेल्या पोरीचे हात जुन्याच बांगड्यांनी कसे येतील? आपल्याकडं बायका आधी हातच बघतात. म्हणून येताना गयानं टेम्पो थांबवला, कासाराकडं नेऊन पोरीला लाल बांगड्या भरल्या. कासार हात दाबत होता आणि पोरगी रडत होती. कासार म्हणाला, दुखतंय का बाळ? गया म्हणाली, हो, हात जरा कडक आहे तिचा.

हे गयानं मला सांगितलं. का सांगितलं? पोटात मावत नव्हतं म्हणून. नवऱ्यालाही तिनं मावशीचंच सांगितलं होतं. म्हणजे माहीत कुणाला—गयाला, पोरीला, नामदेवभाऊंना. आणि मला.

पुढं सुरेखाचं चकलांब्याला जमलं. चांगलं घर. साखरपुड्याच्या साड्या घ्यायला गया बीडला गेली होती, त्याच दिवशी पलीकडच्या आळीत मंदाच्या घरी पापड होते. मी गेले. मंदाकडं एक पाहुणी आलेली. चकलांब्याची.

ती नवऱ्या मुलाची चुलती आहे हे मला माहीत नव्हतं—

नाही. माहीत होतं. मंदानं दारातच सांगितलं होतं.

मी एक पिक्चर सुरू केला. अर्ध्यात येते तोवर पाहुणी म्हणाली, "ह्यो पाहिलाय आमी मोबाईलवर. शेवटी सासराच खुनी निघतोय." मी दुसरा सुरू केला. ती म्हणाली, "ह्यो बी पाहिलाय. काकू, तुमी लई जुनं सांगताव." बायका हसल्या. मंदाची सून म्हणाली, "आता काकूंला पापडच लाटायला बसवा." पुन्हा हसल्या. वाईट मनानं नाही हसल्या. पण माझ्या हातातली लाटी हातातच राहिली.

मी म्हटलं, मग हा पाहिलाय का?

आणि सांगितलं. पोरीचं नाव बदललं, टेम्पोची जीप केली, काकाचा मामा केला, फाटा कुठल्या तरी लांबच्या शहरात नेऊन ठेवला. एवढी हुशारी केली. पण बांगड्या? बांगड्या तेवढ्या काढता आल्या असत्या. मी काढल्या नाहीत. तोच सीन चांगला होता. कासार, त्याचं विचारणं, आईचं ते उत्तर, मग घरी येऊन आईनं पोरीचा हात धरून आल्यागेल्याला दाखवणं, "मावशीनं भरल्यात"—सगळं सांगितलं, गयाच्या आवाजात सांगितलं. लाटणी थांबली होती. एकीनं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, अजून येतं आपल्याला.

पाहुणी तेवढी रडली नाही. ती सुरेखाला बघायला आली तेव्हा गयानं तिच्यापुढंही तोच हात धरला होता, तेच वाक्य म्हटलं होतं. ते मला नंतर कळलं. ती हळूच म्हणाली, "मंग लग्न होतं का त्या पोरीचं?"

मी म्हटलं, शेवट नाही पाहिला अजून.

मंदाच्या सुनेनं पिक्चरचं नाव विचारलं, मी सुचेल ते ठोकून दिलं. पुढं किती दिवस ती भेटली की म्हणायची, "सापडंना झालाय मोबाईलवर." मी म्हणायचे, जुना आहे गं.

चकलांब्याचा निरोप आला. जमत नाही. का, तर आम्हाला आतल्या माणसाकडून कळलं. आतला माणूस म्हणजे कोण? नामदेवभाऊ कधीमधी घ्यायचे, ढाब्यावर ड्रायव्हर लोकांत बसायचे. गयाला दुसरं कुणाचं नाव सुचलंच नाही. माझं तर नाहीच. ती माझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडली. भाऊंनी पोटच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तरी तिनं त्यांच्या घरचं पाणी सोडलं. सुरेखाला घाईघाईनं एका बिजवराला दिली, त्याला आधीचं लेकरू. ती नांदते. माहेरी क्वचित येते.

भाऊ एकदा माझ्या ओट्यावर येऊन बसले. चप्पल पायात तशीच. म्हणाले, "अक्का, तुमाला तरी पटतंय का? मी कावून सांगन? माज्या खांद्यावर खेळलेली पोरगी हाय ती." माझ्या तोंडाशी आलं होतं, खरंच आलं होतं. मग मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, भाऊ, दारूत माणसाला काय आठवतं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग जमिनीकडं. म्हणाले, "आसंल मंग. बोल्लो बी आसंल." आणि चपला घासत गेले.

तुम्हाला कळलं ना मी काय केलं? गयाचा संशय तर बाहेरचा होता. भाऊंचा स्वतःवरचा विश्वास मी काढून घेतला. त्यानंतर ते कुणापुढं शपथ घेताना दिसले नाहीत. मागच्या वर्षी गेले. गयानं त्या घराचा उंबरा ओलांडला नाही, दारातूनच मागं फिरली. तेराव्याला मी पंगतीत वाढलं.

आता दुपारी माझ्या ओट्यावर कुणी नसतं, तरी उन्हात चपला घासल्याचा आवाज येतो. मी मोबाईलचा आवाज मोठा करते. गया आली की बरं वाटतं. हो, ती येते, रोज, चष्मा घेऊन. आम्ही दोघी बाजेवर बसून पिक्चर बघतो. परवा एक लागला, त्यात एका माणसावर आळ येतो आणि तो तसाच मरतो. गया लई रडली. म्हणाली, "सगळ्यांला ठावं होतं असं न्हाई, पण कुणा एकाला तर ठावं असंलच की गं. त्यानं कावून तोंड उघडलं न्हाई?" मग डोळे पुसून विचारलं, "तुला कसा वाटला?"

मी म्हणाले, बरा होता. जरा लांबवलाय.

"तुला लई कळतं बाई पिक्चरमधलं," गया म्हणाली.

मी हो म्हणाले.