मेक्सिकोची भाकरी

आईच्या मते मला लहानपणी एकच रोग होता, चौकशीचा. पाहुणा ओसरीवर टेकायच्या आत तो कुठून आला, काय घेऊन आला आणि कधी जाणार, हे सगळं मी विचारून मोकळी व्हायची. त्यामुळे बोर्लीच्या बाजारात ‘मेक्सिको हॉटेल’ अशी पाटी लागली तेव्हा माझं अभ्यासात लक्ष लागेना, यात नवल नव्हतं.

पाटी लावली होती वडिलांच्या आत्येभावाने. आम्ही त्यांना बोटवाले काका म्हणायचो. मालवाहू बोटींवर स्वयंपाकी म्हणून त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. वर्षा-दीड वर्षाने घरी यायचे, महिनाभर राहायचे आणि पुन्हा बोट. त्या साली मात्र ट्रंकेसकट आले आणि म्हणाले, आता बास. का बास, ते कुणालाच सांगेनात. एरवी त्यांचं तोंड बंद करावं लागायचं, पण हा प्रश्न आला की मिशीतल्या मिशीत हसायचे. बोटीवरून काढून टाकलं असणार, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं. काकींची धास्ती निराळी होती. हॉटेल चाललं नाही तर हा माणूस कंटाळून पुन्हा बोट धरील, असं त्या आईजवळ सारखं बोलून दाखवायच्या.

पहिलं जेवण आम्हाला. वडील शाळामास्तर, त्यांनी चांगलं म्हटलं की अख्खा बाजार मागोमाग येईल, असा काकांचा अंदाज होता. वडिलांनी ही जबाबदारी फारच मनावर घेतली. शाळेतला जगाचा नकाशा घरी आणून त्यांनी मला मेक्सिको दाखवलं. तिथे मांजरं असतात का, सुपारी पिकते का, तिथली माणसं कशावर झोपतात, यातलं त्यांना काहीही सांगता आलं नाही. पण परदेशी जेवण म्हणजे काट्या-चमच्याने, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. डाकबंगल्याच्या खानसाम्याकडून त्यांनी दोन काटे उसने आणले. चमचे घरचे होते. आठवडाभर आम्ही उकडलेल्या रताळ्यांवर सराव केला. आईचं रताळं एकदा काट्यावरून उडालं ते थेट तुळशीपाशी.

“ह्यापेक्षा उपास बरा,” ती म्हणाली.

दिवेलागणीला आम्ही निघालो. वडिलांनी कोट घातला होता आणि कोटाच्या खिशात काटे होते. हॉटेल म्हणजे सारवलेली खोली, एक टेबल, दोन बाकडी. मागे गोणपाटाचा पडदा आणि पडद्याआड चुलीपाशी काकी. आत पाऊल टाकलं तेव्हाच मला शंका आली, कारण वास ओळखीचा होता.

काकांनी ताटं मांडली. ताटात भाकरी, उसळ आणि ठेचा.

वडिलांनी भाकरी उलटीपालटी करून पाहिली. “अरे, ही तर भाकरी!”

“व्हय. मक्याची हाय. घाटावरनं मका आणला.”

“आणि ही उसळ?”

“तिथं काळा घेवडा असतो. हितं मिळाला न्हाय, म्हणून वाल घातलं.”

वाल! आमच्याकडे संध्याकाळ झाली की चुलीवर वालच असायचे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी रडायचीच काय ती बाकी होते. वडिलांनी धीर करून काट्यांचा विषय काढला.

“काटं कशाला? हातानंच खातात तिथं,” काका म्हणाले. आईने पदर तोंडात धरला.

जेवण वाईट होतं म्हणावं तर तसंही नव्हतं, आणि माझा राग त्यावरच होता. वाईट असतं तर दुसऱ्या दिवशी शाळेत सांगायला तरी काही मिळालं असतं. भाकरीला किंचित चुन्याचा वास होता. शिंपल्यांच्या चुन्यात मका शिजवायचा, धुवायचा आणि मग पाट्यावर वाटायचा, ही तिथली रीत काकांनी मोठ्या हौसेने सांगितली. “पानाला लावायचा चुना भाकरीला?” एवढंच वडील बोलले.

मी उठून पडद्याआड डोकावले. काकी घामाने निथळत होत्या. मक्याचं पीठ थापताना चिरत होतं आणि मोडलेल्या भाकऱ्यांचा ढीग त्यांनी परातीखाली लपवला होता.

“काय म्हनतात गो भायेर?” त्यांनी हळूच विचारलं.

“वाल म्हणतात,” मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. “झालं. चालली बोट,” त्या म्हणाल्या.

मी बाहेर आले तर वडील समजुतीच्या सुरात सांगत होते, “जेवण चांगलं आहे रे. पण हे आम्ही घरीच खातो. त्यासाठी हॉटेलात कोण येणार?”

काकांचा चेहरा पार उतरला. मला गप्प बसलेली माणसं सहन होत नाहीत, म्हणून मी विचारलं, “काका, मेक्सिकोत तुम्ही सगळ्यात नवलाचं काय पाहिलंत?”

“हीच भाकरी,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. बोट बिघडून तिथल्या बंदरात अडकली होती. घर सोडून वर्ष उलटलं होतं. रोज पाव, बटाटा आणि डब्यातलं मटण. “एक दिस बाजारातनं चाललो व्हतो, तर थप थप आवाज आला. मला वाटलं, आपल्या घरामागंच हाय मी. बघतो तर एक म्हातारी भाकऱ्या थापत बसलेली. जाऊन तिच्या पुढ्यात बसलो. तिला माझी भाषा येईना, मला तिची. तिनं वाढलं. पयला घास घेतला आन् रडाय आलं, दादा. तिनं काय म्हटलं न्हाय, आनी एक भाकरी घातली. मग मला वाटलं, जगाच्या त्या टोकाला जाऊन मी भाकरीच शोधतोय, तर घरची टाकून आलो कशाला? म्हणून परत आलो.”

पडद्याआडची थपथप केव्हाच थांबली होती. काकी बाहेर आल्या. वडिलांसमोर त्या कधी उभ्यासुद्धा राहत नसत, त्या दिवशी पिठाच्या हातांनी पदर सावरत नवऱ्याला सरळ विचारलं, “आन् त्या बायेला तुमी काय दिलंत? फुकट जेवलात?”

“पैसं ती घेईना. खिशात तू बांधून दिलेली सुपारी व्हती, ती दिली.”

“समदी?”

“समदी.”

“बरं केलंत,” असं म्हणून काकी आत गेल्या आणि आतून सांगितलं, “उद्यापासनं तांदळाची भाकरी. मका बास.” शाळेत सांगायला गोष्ट मिळाल्याचा मला इतका आनंद झाला की मी उरलेले वालही संपवले.

पाटी तीच राहिली. तांदळाची भाकरी आणि मासळीचं कालवण खायला एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर यायला लागले आणि हॉटेल चाललं. काका पुन्हा बोटीवर गेले नाहीत. दर वर्षी वाडीतली सुपारी सोलून झाली की काकी त्यातल्या मूठभर फडक्यात बांधून ठेवायच्या. बोटीवर निघालेला कुणी खलाशी जेवायला बसला की त्याच्या हातात ती पुरचुंडी द्यायच्या आणि सांगायच्या, “मेक्सिकोला गेलास तर बंदराच्या बाजारात एक म्हातारी भाकऱ्या थापते बघ. तिला दे.”

त्यातली एक तरी पुरचुंडी पोचली का, हे बोटीवरचा माणूस भेटला की मी अजून विचारते.